लीना चालताना

३ जानेवारी २०२५, बेलापूर, ता. श्रीरामपूर

शिक्षक सोसायटीची डायरी यंदाही आली. दरवर्षी ती माझी बायको लीना घ्यायची. दूध, इस्त्री, कोणाकडे कधी बोलावणं आहे, सगळं त्यात. यंदा डायरी माझ्याकडेच राहिली. कोरा कागद वाया घालवणाऱ्या पोरांचे कान मी जन्मभर पिरगाळले. आता मीच वाया घालवला तर बरं दिसणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

आज माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. उतरताना शिडीची शेवटची पायरी चुकली आणि साळूबाईच्या पायावर पाय पडला. लीना अंथरुणाला खिळली तेव्हापासून स्वयंपाकपाणी साळूबाईच बघते. शिडी धरायला सांगितली तर ही पाय पुढे करून उभी.

पेटीत घरच्या व्हिडिओ कॅसेटी आहेत. माझा चुलतभाऊ कल्याण याने त्र्याण्णव साली खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा आणला आणि रुचाच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नापर्यंत घरातलं एकही कार्य सोडलं नाही. आपण फार मोठे दिग्दर्शक आहोत असा त्याचा समज होता. व्हीसीआर वीस वर्षं बंद होता, तो श्रीरामपूरच्या आदिनाथने दुरुस्त करून दिला. आदिनाथ माझा विद्यार्थी. पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचा, आता जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर चढवून देतो.

बेत असा आहे की एकेक कॅसेट पाहायची, नंबर टाकायचा, कोण आहे, काय आहे ते लिहायचं, आणि खाली माझा स्पष्ट अभिप्राय. लोक पुस्तकांची यादी करतात, मी ही करतो.

हे रुचाला सांगितलेलं कारण. खरं कारण इथे लिहितो. लीना ऑगस्टात गेली, शेवटचे महिने अंथरुणावरच होती. मी डोळे मिटले की तीच दिसते, भिंतीकडे तोंड करून, उशीत रुतलेला गाल. त्याआधी ती या घरात आयुष्यभर चालली, आणि ते चालणं मला आठवत नाही. मी चित्रकला शिक्षक. लोकांना वाटतं माझ्या डोक्यात चित्रं भरलेली असतील. फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोत माणूस नुसता उभा असतो. मला ती चालताना बघायची आहे. एकदा दिसली की पुरे.

ऑक्टोबरात गावातल्या डोळ्यांच्या शिबिरात गेलो होतो. डोळ्यांचं प्रेशर वाढलंय, लवकर नगरला जा, म्हणाले. चिठ्ठी दिली. प्रेशर हल्ली कोणाचं वाढलेलं नाही? यादी झाली की जाईन.

१२ जानेवारी

कॅसेट क्र. १. वास्तुशांत. छायाचित्रण कल्याण. कथानक असं की माणसं जेवतात. मध्यंतरापर्यंत मठ्ठा, मध्यंतरानंतर जिलबी.

चौकटीच्या बरोबर मधोमध मी. डोक्यावर दाट केस, अंगात रेशमी सदरा, चेहऱ्यावर स्वतःच्या घराचा माज. मी जेवतो, मी हसतो, मी कोणाला तरी आग्रह करतो. ज्याला आग्रह करतो तो दिसत नाही. कल्याणला चौकट म्हणजे काय ते कधी कळलंच नाही. एकाला मधोमध धरायचं आणि बाकीचे कापायचे.

मधे लीनाचा आवाज आला. "अहो, सरका जरा, ताट येतंय." मी खुर्चीतून अर्धा उठलोच. पण पडद्यावर मीच, थोडासा सरकलेला. ताटही आलं. ताट आणणारी नाही.

लीना : आवाज आहे, बाई नाही. क श्रेणी.

या कॅसेटी पूर्वी आम्ही घरात किती वेळा लावल्या असतील. त्या बघताना लीना कुठे असायची ते आता आठवतं. चहा करायला आत.

२१ जानेवारी

कॅसेट क्र. ४. शाळेची सहल, राळेगणसिद्धी. शिक्षकांच्या बायकांनाही नेलं होतं. नायक बांध, नायिका झाडं. पाणी कसं अडवलं हे गावातले गृहस्थ फार तळमळीने सांगतात आणि आमची पोरं मागे एकमेकांच्या टोप्या उडवतात. हे सगळं ऐकू येतं. दिसतो तो बांध, आणि बांधावर हात मागे बांधून उभा असलेला मी. मला पाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान मात्र जाणकाराची हलवलीय.

लीना : नाही. लाडवाचा डबा आहे. तो कोणाच्या हातात आहे ते कल्याणने दाखवलेलं नाही.

साळूबाईशी आज वाजलं. ती पाट नको तिथे ठेवते. नडगी फुटली. तिचं म्हणणं, "सर, म्या न्हाई हलवला. बाई असल्यापून पाट तिथंच हाय." चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवते, धक्का लागून तो पडतो, आणि वर मलाच बघून हात टाकायला सांगते. बाईमाणूस कामाला चोख, पण हल्ली लक्ष नाही.

४ फेब्रुवारी

कॅसेटींना बुरशी लागली असावी. चित्र कडेने आधी मरतं. जलरंगाचं चित्र ओलीत ठेवलं तर असंच होतं. पंगतीत पाच-सहा जण हसतात आणि दिसतात दोन.

उपाय म्हणून टीव्हीसमोर बसायचा वेताचा मोढा ओढून अगदी जवळ बसलो. फरक पडला. चेहरे मोठे दिसतात, माझ्या सदऱ्याचं बटणसुद्धा मोजता येतं.

आदिनाथ काही कॅसेटी न्यायला आला तेव्हा त्याला बुरशी साफ करायला सांगितली. त्याने पाच मिनिटं चालवून बघितली आणि म्हणाला, "सर, पिक्चर क्लीन हाय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत." मी म्हटलं, अरे, चौकट कशी भरायची हे तुला मीच शिकवलं. तो जाताना एवढंच म्हणाला की जरा मागं सरकून बसत जा, सर. मागे बसून काय बघायचं? आजकाल काम टाळायचं असलं की लोक गिऱ्हाइकालाच उपदेश करतात.

१६ फेब्रुवारी

आज सापडली. थोडीशी.

कॅसेट क्र. ९. सत्यनारायण. मी पाटावर, सोवळं नेसून, नेहमीसारखा मधोमध. गुरुजी संकल्प सांगतात आणि म्हणतात, यजमानांच्या हाताला हात लावा. तेव्हा माझ्या उजव्या कोपराजवळ चार बोटं येऊन टेकतात. हिरव्या बांगड्या, करंगळीला पोळल्याचा डाग. तो डाग कढईचा. लीनाची बोटं.

जगात कुठे तरी अशी रीत असेल का? पूजा नवऱ्याने करायची आणि बायकोने नुसता हात लावून ठेवायचा, की तिलाही पुण्य पोचतं. मी आचमन करतो तशी बोटं हलतात, पळी उचलतो तशी वर जातात. जशी काही माझ्या हातालाच फुटलेली. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. दुपारी जेवायचं राहिलं आणि साळूबाई रागावली.

मधेच एक घाण आहे. ऐन कलशपूजेत हिरवं काहीतरी कॅमेऱ्याला जवळजवळ घासून आडवं जातं, सगळा पडदा भरून, आणि बोटं दिसेनाशी होतात. बऱ्याच वेळाने परत येतात. पाहुण्यांना शिस्त नाही आणि कल्याणला भान नाही. तो भाग आता मी पुढे ढकलतो. नाहीतर या संग्रहातली ही सर्वोत्तम कृती. दहापैकी नऊ. त्या आडव्या जाण्याबद्दल एक गुण कापला.

लीना : बोटं.

५ मार्च

कल्याणला फोन केला. तो संगमनेरला मुलाकडे असतो. आधी तब्येतीचं बोललो, मग राहवलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं खांद्यावर ते धूड घेऊन घरभर नाचलास आणि तुझ्या वहिनीचं एक चित्र तुला घेता आलं नाही. माझ्या बटणांचं शूटिंग केलंस.

तो म्हणाला, "दादा, वहिनी आहेत की. सगळ्यात आहेत."

मी म्हटलं, निम्म्याच्या वर कॅसेटी डोळ्यांत तेल घालून बघितल्यात, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, "वहिनीच मला सांगायच्या, भावजी, ह्यांना मधे घ्या. मी असते इकडे तिकडे." आता बोलायला ती नाही म्हटल्यावर तिच्या नावावर काहीही खपतं. मी बोलू नये ते बोललो. तुला वहिनी फक्त वाढायला लागायची, असं बोललो. त्याने फोन ठेवला. ठेवू दे.

२९ मार्च

नदीकडे फिरायला जाणं बंद केलं. घंटी न वाजवता एकाने सायकल अंगावर घातली. कोपर सोललं. गर्दी जमली आणि सगळे मलाच म्हणतात, सर, तो तर समोरून आला.

कॅसेट क्र. १४. खर्ड्याचा किल्ला. दगड चांगले आलेत. मी इतिहास सांगतोय आणि लीना मागून म्हणते, "उन्हात किती वेळ उभं करता पोरांना?" तिच्या पायातल्या जोडव्यांचा दगडावर आवाज येतो. चालतेय. माझ्या मागूनच चालतेय कुठेतरी. डोळे टीव्हीला लावून बसलो. बुरूज, मी, बुरूज.

लीना : नाही. श्रेणी द्यावीशी वाटत नाही.

११ मे

यादी पूर्ण झाली. शेवटची कॅसेट रुचाच्या लग्नाची. मुलीच्या लग्नात आई दिसत नाही असं चित्रण करून दाखवणं हे सोपं काम नाही, पण कल्याणने ते केलंय. कन्यादानाला तीच बोटं माझ्या हाताला. बाकी मी रडतोय. व्यवस्थित, मधोमध.

निष्कर्ष काढावा लागतो. एक बाई एका घरात आयुष्यभर वावरली आणि इतक्या फितींत तिची बोटं तेवढी आली. दोष एकट्या कल्याणला का द्यावा? घरात कोणालाच ती बघायची गरज वाटली नाही. आता कुठे शोधणार? दुसरी पेटी नाही.

दोन दिवस उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे. टीव्ही फार बघितला. काल डोकं भयंकर दुखलं आणि उलटी झाली. साळूबाईने न विचारता रुचाला फोन केला.

१ जून

मी फोनवर नको नको म्हणत राहिलो, शेवटी रुचा पुण्याहून आली आणि मला नगरला घेऊन गेली. अहिल्यानगर म्हणायचं आता. माझ्या जिभेला अजून वळण नाही. डॉक्टर तरुण आणि सौम्य होते. एका पांढऱ्या घुमटात डोकं घालायला लावलं. आत ठिपके लुकलुकतील, दिसला की बटण दाबा. मी बटणावर बोट ठेवून बसलो. फार थोडे ठिपके सोडतात असं वाटलं. बाहेर आल्यावर कळलं की ठिपके भरपूर होते.

काचबिंदू. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्यात मधला एवढासा भाग शिल्लक. त्यांनी समजावलं की हा रोग कडेने खात येतो. कडा गेल्याचं माणसाला कळत नाही, काळं वगैरे काही दिसत नाही; जेवढं दिसतं तेवढंच जग आहे असं वाटतं. मी विचारलं, चष्म्याने? औषधाने? ते म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही, सर. उरलीय ती टिकवायचा प्रयत्न करू." मग आधी कोणी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. रुचाने पाकिटातून शिबिराची चिठ्ठी काढून दिली. घरातून निघताना तिला ती सापडली होती.

घरी आल्यावर साळूबाईला म्हटलं, पाट जागेवरच होता. ती पदराने डोळे पुसत आत गेली. सायकलवाला कोण होता ते आता कसं शोधायचं?

८ जून

आज दुपारी रुचाला यादी दाखवली. डोळ्यांत थेंब घालून झाले होते, दोघांनाही काही तरी करायला हवं होतं. यादी वाचताना ती आधी हसली. बांध नायक, हे तिला आवडलं. मग हसायची थांबली. उठली, पहिली कॅसेट लावली आणि माझ्या मोढ्याशेजारी जमिनीवर बसली.

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, तुम्ही 'नाही' असं काय लिहिलंय? आई आहे की."

मी विचारलं, कुठे?

"ही काय. डावीकडे. ताट घेऊन आली. आता मागे गेली. आता दारात उभी आहे. बाबा, ती सगळीकडे आहे."

मी सांगितल्या जागी डोळा नेला. दार होतं. ती म्हणाली, आता उजवीकडे गेली. मी उजवीकडे गेलो. कोणाचा तरी सदरा. ती पुन्हा मागे नेऊन लावायची, बोट ठेवायची, मी बोटाच्या टोकाशी डोळा न्यायचो, तिथे पदराचं टोक दिसायचं आणि जायचं. एकदा कान दिसला, कुडीसकट. पेल्याच्या तोंडाएवढ्या गोलात मावेल तेवढीच लीना मला मिळते आणि ती काही एका जागी थांबणारी बाई नव्हती.

रुचा म्हणाली, मागे बसून बघा, सगळा पडदा मावेल. आदिनाथ हेच म्हणाला होता. मोढा भिंतीपर्यंत मागे नेला. पडदा मावला. धुक्यात हिरवट डाग हलत होता. ती लीना असं रुचा म्हणते म्हणून लीना. साळूबाई असती तरी तसाच दिसला असता. मग रुचाने चित्र थांबवलं आणि मी जवळ जाऊन तुकड्या-तुकड्याने पाहिलं. कपाळ, नाक, खांदा, कमरेला खोचलेला पदर. पण थांबवलं की तो फोटो होतो. फोटो माझ्याकडे आहेतच.

जवळून ती मावत नाही, लांबून ती ती राहत नाही. लीना चालताना दिसेल असं अंतर या घरात उरलेलं नाही. जानेवारीत होतं. शिबिरानंतर लगेच गेलो असतो तर अजूनही असतं. रुचा हे बोलली नाही, मीच बोललो, आणि मग तिच्यासमोर मला रडू आलं.

नंतर तिला विचारलं, ती कुणाकडे बघतेय? रुचाने नीट बघून सांगितलं, "तुमच्या ताटाकडे. मीठ वाढायचं राहिलंय."

१३ जून

कल्याणला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, तू बरोबर होतास, चुकलं ते माझं. तो म्हणाला, "राहू दे दादा, वय झालं आपलं." त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर्षश्राद्धाला ये म्हटलं. गुडघे दुखतात म्हणाला.

२१ ऑगस्ट

काल वर्षश्राद्ध झालं. कल्याण आला नाही.

लिहिताना ओळीवर ओळ चढतेय असं रुचा म्हणते. थेंब चालू आहेत, जुलैत ऑपरेशनही झालं. डॉक्टरांनी केलं ते सगळं नीट केलं, पण डाव्या डोळ्यातला गोलही आता सुईच्या भोकाएवढा झालाय. दिवस आणि खिडकी कळते.

माणसं गेल्यावर रुचा म्हणाली, तुमची ती नऊ गुणांची कॅसेट लावते, मी बघते आणि सांगते. ती सांगत गेली. तुम्ही पाटावर. आई तुमच्या उजव्या हाताला, अख्खी दिसतेय, नाकात नथ. हात लावलाय. गुरुजी काहीतरी म्हणताहेत. मी म्हटलं, आता ते आडवं जाईल, पुढे ढकल.

तिने ढकललं नाही. ती म्हणाली, "बाबा, ती आईच आहे. आत दूध उतू गेलं असणार. उठली, तुमच्यासमोरून गेली, हिरवी साडी. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून. बघा, चेहरासुद्धा इकडे आहे. हसतेय काकाकडे बघून. आता परत आली. बसली. हात लावला."

या सगळ्या पेटीत ती एकदाच मधोमध चालली होती, मला दिसेल अशी. आणि मला दिसली होती. मी तिचा एक गुण कापला होता. मग प्रत्येक वेळी ती आली की पुढे ढकलत होतो.

रुचाला म्हटलं, तो गुण परत दे. तिने पेन घेतलं आणि दिला म्हणाली. वाचून खात्री करता येत नाही. तो हिरवा रंग कसा होता तो आठवून बघतो. पडदा भरून होता एवढंच आठवतं, बाकी माझा संताप आठवतो.

डोळे मिटले की अंथरुणावरची लीना दिसते, भिंतीकडे तोंड केलेली. थोड्या दिवसांत त्यासाठी डोळे मिटावे लागणार नाहीत.